कापडाची हौस आणि घटलेली मिळकत

मिळकत कमी झाली म्हणजे उपदेश फार मिळूं लागतो, असा आमचा अनुभव आहे. पैसा देणारे हात आखडतात, पण शहाणपण देणारे हात मोकळे सुटतात. या उपदेशाचा पहिला रोख बहुधा कापडचोपडावर असतो. अन्न सोडतां येत नाहीं, औषध टाळतां येत नाहीं, घरभाडें आणि विजेचें बिल यांना दयामाया ठाऊक नसते. राहतां राहिली ती हौस. म्हणून आप्तेष्ट मोठ्या मायेनें सांगतात कीं, आतां या वयांत साड्या हव्यात कशाला, आहेत त्या जन्माला पुरतील. आणि वर 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण ऐकवितात. म्हण खरी आहे. तिच्याशीं आमचें भांडण नाहीं. परंतु तिच्यांत अंथरुणाच्या लांबीविषयींच काय तें सांगितलें आहे. त्याला कांठ कसा असावा, रंग कोणता असावा, याविषयीं ती मुग्ध आहे. अंथरूण आंखूड झालें म्हणून तें कळकटहि असलें पाहिजे, असें तिच्यांतून मुळींच निघत नाहीं. ज्याची मिळकत घटली त्यानें कापडाची हौसहि सोडून द्यावी काय, एवढ्याच प्रश्नाचा विचार आम्हांला येथें करावयाचा आहे.

प्रथम आमची स्थिति सांगून टाकतों, कारण ती सांगितल्यावांचून पुढचें बोलणें हवेंत राहील. आम्ही खाजगी नोकरींतून निवृत्त झालों. अशा नोकरदारांसाठीं सरकारनें १९९५ सालीं निवृत्तिवेतनाची जी योजना सुरू केली, तींत किमान रक्कम ठरली ती २०१४ सालीं, आणि तीहि दरमहा १००० रुपये. आमचा आंकडा त्याहून थोडा वर आहे, इतकेंच. बाकीचा संसार ठेवींच्या व्याजावर. १९९५ च्या सुमारास बँका मुदतीच्या ठेवींवर १० टक्क्यांहून अधिक व्याज देत. त्या हिशेबावर ज्यांनीं म्हातारपणाचे मनोरे बांधले, त्यांना पुढें व्याज उतरत गेलें तसतसा एकेक मजला उतरवावा लागला. आमची मिळकत नोकरीच्या अखेरच्या वर्षाच्या तिसऱ्या हिश्शावर आली आहे. हें दारिद्र्य नव्हे. ज्याच्या घरीं एकच धडुतें आहे आणि तें वाळेपर्यंत ज्याला बाहेर पडतां येत नाहीं, त्याच्यापुढें आमच्यासारख्यांनीं तोंड उघडूं नये. आमच्या कपाटांत चांगल्या दिवसांचीं वस्त्रें आहेत आणि दोन वेळां चूल पेटते. आमची अडचण मध्यम प्रतीची आहे. आणि मध्यम अडचणीची गंमत अशी कीं, तिची दया कोणाला येत नाहीं आणि ती सांगण्याची लाज मात्र वाटते.

आतां हौसेकडे वळूं. 'फॅशन' हा शब्द आपल्याकडे थोड्याशा कुत्सितपणानेंच उच्चारला जातो. जणूं काय तो एखादा परदेशी रोग आहे आणि आपल्या आज्यापणज्यांना त्याची बाधा कधीं झालीच नव्हती. वस्तुस्थिति वेगळी आहे. आज जी सहावारी साडी सोज्ज्वळ आणि जुन्या वळणाची म्हणून वाखाणली जाते, ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत नऊवारीला बाजूस सारून घरांत शिरली, तेव्हां नव्या चालीची म्हणून तिला कमी नांवें ठेवलीं गेलीं नाहींत. पोलक्यांच्या बाह्या आंखूड-लांब होत गेल्या. पुरुषांच्या डोक्यावरची पगडी जाऊन टोपी आली आणि पुढें तीहि गेली. वेषांत पालट व्हावा ही आवड जुनीच आहे. मात्र बारकाईनें पाहिलें तर या आवडींत दोन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक नवेपणाची ओढ, आणि दुसरी कापडाची पारख. पहिलीचें पोषण दुकानांत होतें, दुसरीचें डोळ्यांत आणि बोटांत. पहिलीला पैसा लागतो, दुसरीला वेळ. हातांत पैसा खुळखुळत असतो तोंपर्यंत या दोघी गळ्यांत गळा घालून हिंडतात, आणि कोणती कोण हें आपल्यालाहि ओळखूं येत नाहीं. मिळकत घटली म्हणजे त्यांची फारकत होते. आमचें म्हणणें असें कीं, त्या फारकतींत आपल्या पदरीं दुसरी पडली, तर तो वांटा अगदींच लहान नाहीं.

पहिली निघून जाते तेव्हां दुःख होत नाहीं, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. कोऱ्या कापडाचा वास, नव्या साडीची घडी मोडण्याचा तो क्षण, गादीवर पडलेल्या राशींतून एक उचलून 'ही बांधा' असें म्हणण्यांतला तोरा, यांची सर दुसऱ्या कशाला यावयाची नाहीं. निवृत्तीनंतरच्या पहिल्या दिवाळींत पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरून आम्ही मान खालीं घालून चालत असूं. गरजा कमी केल्या कीं समाधान आपोआप लाभतें, असें जे सांगतात, त्यांनीं आपल्या गरजा बहुधा स्वखुषीनें कमी केलेल्या असतात. आणि स्वखुषी व सक्ती यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. १९२१ सालच्या २२ सप्टेंबरला मदुराईस गांधीजींनीं अंगावरचे इतर कपडे टाकून आंखूड पंचा तेवढा ठेवला. दहा वर्षांनीं, १९३१ सालीं, त्याच वेषांत ते लंडनच्या राजवाड्यांत बादशहाला भेटले, आणि सगळें जग त्या पंच्याकडे आदरानें पाहत राहिलें. तोच पंचा ज्याच्या अंगावर नाइलाजानें आला आहे, त्याच्या वांट्याला आदर येत नाहीं. आली तर कींव येते. म्हणून सक्तीच्या काटकसरीला व्रताचा मुलामा देऊं नये, असें आम्हांला वाटतें. आम्ही व्रतस्थ नाहीं. आमची मिळकत घटली आहे. हें एकदां मोकळेपणानें स्वतःशीं कबूल केलें म्हणजे मन हलकें होतें, आणि उरलेल्या हौसेकडे नीट लक्ष देतां येतें.

उरलेल्या हौसेचा पहिला आनंद पाहण्याचा. वस्तु आपली असल्यावांचून तिचें सुख घेतां येत नाहीं, ही समजूत दुकानदारांच्या सोयीची आहे. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईस चित्रांचा छापखाना काढला. पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्यांतून निघालेलीं रंगीत चित्रें घरोघर पोंचलीं, आणि ज्या घरांत जरीचें एकहि लुगडें नव्हतें, त्या घराच्या भिंतीवरहि लक्ष्मी आणि सरस्वती जरीकांठी वस्त्रें नेसून विराजमान झाल्या. पूजेच्या वेळीं हात जोडतां जोडतां त्यांच्या निऱ्यांवरून आणि पदरावरून किती जणींची नजर फिरली असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाहीं. आम्हांला त्यांत देवाचा अपराध दिसत नाहीं. पुण्यांतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत आम्ही सवडीनें जातों, आणि जुन्या वस्त्रांपुढें मनसोक्त उभ्या राहतों. अहमदाबादचें कॅलिको संग्रहालय १९४९ सालीं स्थापन झालें; केवळ कापडासाठीं एवढा मोठा संग्रह उभा राहावा, ही कल्पनाच आमच्यासारख्यांना सुखावून जाते. नोकरी होती तेव्हां साड्या घ्यावयाला पैसे होते, पण एखादा कांठ अर्धा तास न्याहाळण्याला सवड नव्हती. आतां सवड आहे. देवानें एक दार लावतांना दुसरें किलकिलें ठेवलें, असें म्हणावयाला हरकत नाहीं.

गेल्या हिवाळ्यांत आम्ही येवल्याला जाऊन आलों. २०२३ सालापासून एस. टी. च्या गाड्यांत स्त्रियांना निम्मे भाडें पडतें, तेव्हां प्रवासाचा बोजा फारसा नव्हता. पैठणी हें नांव पैठणचें असलें तरी तिचे माग आज मुख्यत्वें नाशिक जिल्ह्यांतल्या या गांवीं आहेत. २०१० सालीं तिला भौगोलिक मानांकनहि मिळालें. एका विणकराच्या घरीं माग चालू होता. पदरावर मोर उतरत होता. प्रत्येक रंगाच्या रेशमाची वेगळी लहानशी कांडी. जेथें हिरवा संपून लाल सुरू व्हावयाचा, तेथें दोन्ही धागे एकमेकांत अडकवून मागें फिरवावयाचे. मग पुढचा रंग. सबंध दिवसाच्या कामांत पदर बोटभर पुढें सरकला तर सरकला. हें सारें हातांनीं होत असल्यामुळें खऱ्या पैठणीच्या पदराला उलट-सुलट बाजू जवळ जवळ सारखीच असते. यंत्रावरच्या नकलेची मागची बाजू पाहिली तर कापलेल्या किंवा लोंबणाऱ्या धाग्यांचें रान दिसतें. ही गोष्ट आम्हांला पूर्वीं ऐकून माहीत होती. पण मागावर ती घडतांना तासभर पाहिल्यावर आमच्या स्वतःच्या कपाटांतली एकुलती एक पैठणी, जी आम्हीं पंचवीस वर्षांपूर्वीं घाईगर्दींत घेतली होती, ती घरीं येऊन काढली, उलटी केली, आणि जणूं त्या दिवशींच विकत घेतल्यासारखी पुन्हां नव्यानें पाहिली. घरांतल्याच वस्तूचें असें दुसऱ्यांदा आगमन होणें, हा घटलेल्या मिळकतींतला एक मोठा लाभ आहे.

दुसरा आनंद जपण्याचा. जुन्या गृहिणींना ही विद्या उपजतच येत असे असें आपण म्हणतों. खरें पाहतां ती त्यांना गरजेनें शिकविली होती. नऊवारी लुगडें वापरून मध्यें विरलें कीं तो भाग काढून टाकीत आणि उरलेले दोन धड तुकडे जोडून पुन्हां नेसावयाला घेत. त्या जोडाला दंड म्हणत. दंड घातलेलें लुगडें नेसणें हें गरिबीचें लक्षण खरें; पण निऱ्यांच्या आंत दंड असा बसवावा कीं पाहणाऱ्याला तो कळूं नये, यांत कसब होतें आणि त्या कसबाचा अभिमानहि होता. दंड घालण्यापलीकडे गेलें कीं त्या लुगड्याचीं दुपटीं होत, मग गोधडींत तें अस्तर म्हणून जाई, आणि अखेर चुलीजवळच्या फडक्यांत त्याचा शेवट होई. बाळाच्या अंगाला नवें कापड टोचतें. दहा वर्षें धुतलेल्या सुती लुगड्याइतकें मऊ कांहीं नसतें. म्हणजे जीर्ण होणें हाहि त्या कापडाचा एक गुणच ठरे.

आम्ही दंड घालीत नाहीं, परंतु त्या विद्येचे उरलेसुरले धडे गिरवितों. सुती साडीला साबुदाण्याची किंवा भाताच्या पेजेची खळ पातळ द्यावी, म्हणजे जुन्या कापडाला पुन्हां अंग येतें. रेशीम रिठ्याच्या पाण्यांत धुवावें आणि सावलींत वाळवावें. जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. एकाच घडीवर वर्षानुवर्षें ठेवली तर ती त्या रेघेवर मोडते आणि तिच्याबरोबर रेशीमहि चिरतें. म्हणून तीन-चार महिन्यांनीं घडी बदलावी, प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजीं जुन्या मलमलींत गुंडाळावी, आणि डांबराच्या गोळ्या जरीला लागूं देऊं नयेत. मंडईच्या मागच्या बोळांत एक रफूगार बसतो. त्यानें आमच्या शालीचें कसरीनें खाल्लेलें भोंक असें भरून दिलें कीं, तें कोठें होतें हें आतां आम्हांलाच शोधावें लागतें. त्यानें पैसे सांगितले तेव्हां आम्ही घासाघीस केली नाहीं. नव्या शालीच्या किंमतीशीं तुलना केली तर ती रक्कम किरकोळ होती, आणि त्याच्या डोळ्यांना त्या कामांत काय पडलें असेल तें आम्ही समोर बसून पाहिलें होतें.

याच सुमारास जुन्या जरीच्या साड्या घेणारा एक व्यापारी दाराशीं आला. हे लोक साडी उलगडून पाहत नाहींत. हातांत तोलून पाहतात. जर जाळली कीं चांदी उरते, तिच्यावर त्यांचा सौदा. त्याच्या लेखीं आईचा शालू म्हणजे अमुक भार चांदी आणि बाकी राख. त्या महिन्यांत दांतांचा खर्च अंगावर आला होता, आणि पैशांची निकड खरी होती. ज्या दोन साड्यांचें रेशीम घडीघडीवर चिरून गेलें होतें आणि ज्या पुन्हां नेसतां येणार नव्हत्या, त्या आम्हीं दिल्या. शालू धड होता. तो परत कपाटांत ठेवला. भावनेला किती किंमत द्यावी, हा प्रश्न सुखवस्तु माणसाला निबंधाचा विषय म्हणून सुचतो. आमच्यासारख्यांना तो दारांत उभ्या असलेल्या माणसासमोर, त्याचा तराजू हालत असतांना सोडवावा लागतो. जें नेसतां येतें तें ठेवावें, जें केवळ आठवण म्हणून उरलें आहे तें गरज असल्यास जाऊं द्यावें, असा निवाडा आम्हीं त्या वेळीं केला, आणि त्यावर आम्ही आजहि कायम आहों.

येथवर सारें गोड झालें. आतां बोचणाऱ्या भागाकडे यावयाला हवें. नवें कापड न मिळण्यापेक्षां जुनें कापड पुन्हां पुन्हां लोकांच्या दृष्टीस पडतें, याचें दुःख अधिक असतें. पूर्वीं लग्नांत कोण काय नेसलें होतें, हें चार दिवसांत विसरलें जाई. आतां ज्याच्या त्याच्या हातांतल्या दूरध्वनींत छायाचित्रें असतात, आणि एका वर्षांतल्या तीन लग्नांत आम्ही एकच साडी नेसलों होतों, हें कोणीहि पुराव्यानिशीं सिद्ध करूं शकतें. मागच्या वैशाखांत एका मैत्रिणीनें पंगतींतच विचारलें, "अग, हीच नेसली होतीस ना साखरपुड्याला?" विचारण्यांत कुजकेपणा नव्हता, पण शेजारच्या दोघींनीं मान वळवून पाहिलें. आम्हीं म्हटलें, "हो, हीच. आणि बारशाला बोलावलेंस तर तेव्हांहि हीच." हंशा झाला आणि विषय संपला. पुढें हात धुतांना एक अनोळखी मुलगी जवळ येऊन म्हणाली, "काकू, कुठून घेतलीत हो ही? असा पदर आतां दिसत नाहीं." साडी आमच्या आईची इरकली होती. इरकलीच्या अंगाचा ताणा सुती आणि पदराचा ताणा रेशमी असतो. ते दोन्ही मागावरच फांस घालून जोडतात. तो जोड आम्हीं तिला दाखविला. तिनें त्याच्यावरून बोट फिरविलें, आणि आणखी दोघींना बोलावून आणलें. एकच साडी पुन्हां नेसण्याची लाज वाटावी कीं अभिमान वाटावा, हें त्या साडीवर अवलंबून नसून तिच्याविषयीं आपल्याला कांहीं सांगतां येतें कीं नाहीं यावर अवलंबून आहे, असें तेव्हांपासून आम्हांला वाटूं लागलें.

आणि ही लोकलज्जा कांहीं स्त्रियांचीच मिरासदारी नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटनमध्यें सबंध देशाचीच मिळकत घटली, असें म्हणतां येईल. तेथें १९४१ सालच्या १ जूनला कपड्यांचें नियंत्रण सुरू झालें. पहिल्या वर्षीं माणशीं ६६ कुपनें, आणि पुरुषाचा अस्तराचा लोकरी ओव्हरकोट घ्यावयाचा तर त्यांतलीं १६ एकदम जात. पुढें कुपनें आणखी घटलीं, आणि हें नियंत्रण युद्ध संपल्यावरहि १९४९ च्या मार्चपर्यंत चाललें. आहे तेंच दुरुस्त करून वापरा, असें सांगणारी पुस्तिका १९४३ सालीं सरकारनेंच काढली. आपल्याकडेहि त्याच १९४३ सालीं सरकारनें कापड आणि सूत यांवर नियंत्रण बसविलें. ब्रिटनमध्यें कपड्यांवरच्या खिशांचे, गुंड्यांचे, चुण्यांचे आंकडे ठरवून दिले होते, आणि १९४२ सालीं पुरुषांच्या पाटलोणीच्या तळाशीं दुमडलेली पट्टी ठेवण्याला मनाई झाली. बाँब सोसणाऱ्या त्या लोकांना ही मनाई मात्र सोसवेना. जाणूनबुजून लांब पाटलोण घ्यावयाची आणि घरीं येऊन ती दुमडावयाची, असा मार्ग पुष्कळांनीं काढला. १९४४ सालीं सरकारला ती मनाई उठवावी लागली. आम्हांला हा प्रसंग फार आवडतो. त्यांत छचोरपणा पाहणारे पाहोत. संकटांतहि माणूस आपल्या पाटलोणीच्या टोकाकडे पाहतो, याचा अर्थ त्यानें अजून हात टेंकलेले नाहींत, असा आम्ही घेतों.

घटलेल्या मिळकतीला खरा धोका महागाईचा नसून स्वस्ताईचा आहे, असें म्हटलें तर कित्येकांना तें चमत्कारिक वाटेल. आज दोनअडीचशें रुपयांत कुडता मिळतो, आणि पांच धुण्यांत त्याचा रंग व आकार दोन्ही जातात. नवेपणाची ओढ पूर्ण गेलेली नसते. ती अशा वेळीं कानांत कुजबुजते कीं, एका चांगल्या वस्त्राच्या पैशांत असे आठ येतील. हिशेब केला तर ते आठ मिळून त्या एकाइतके दिवस टिकत नाहींत. पण हिशेबाहून मोठी अशी एक गोष्ट आहे. जुन्या गिरण्यांच्या गोष्टी सोडा. २०१३ सालच्या २४ एप्रिलला ढाक्याजवळ सावर येथें राणा प्लाझा नांवाची आठ मजली इमारत कोसळली. तींत परदेशी दुकानांसाठीं कपडे शिवण्याचे कारखाने होते. आदल्या दिवशीं भिंतींना तडे गेलेले दिसले होते, तरी दुसऱ्या दिवशीं कामगारांना आंत बोलावण्यांत आलें. ११०० हून अधिक माणसें मेलीं, आणि त्यांत स्त्रिया पुष्कळ होत्या. स्वस्त कपड्याची राहिलेली किंमत कोणीतरी भरीत असतो, तो आपल्याला दिसत नाहीं इतकेंच. ज्याच्या खिशांत खरोखरच दोनशें रुपयेच आहेत, त्याला हें सांगणें क्रूरपणाचें होईल; त्याला दुसरा मार्ग नाहीं. आमच्यासारख्या मधल्या माणसांना मात्र मार्ग आहे: आठ न घेतां वाट पाहावयाची.

हें लिहितांना एक शंका आम्हांला सोडीत नाहीं, आणि ती लपवून ठेवणें बरें नव्हे. पाहण्यांत आनंद आहे, जपण्यांत आनंद आहे, हें सारें खरें. पण येवल्याच्या त्या विणकराची चूल आमच्या रसिकतेनें पेटत नाहीं. त्यानें आम्हांला तासभर बसवून घेतलें, चहा दिला, आणि आम्ही 'वा, वा' करून एस. टी. नें परत आलों. सगळ्याच रसिकांनीं नुसतें पाहावयाचें ठरविलें, तर पाहण्यासारखें कांहीं उरणार नाहीं. संग्रहालयांतल्या कांचेच्या आड जें असेल तेवढेंच उरेल. म्हणून आम्ही दोन नियम घालून घेतले आहेत. घ्यावयाचें नसेल तेव्हां दुकानांत जाऊन साड्यांचे ढीग उलगडावयाला लावावयाचे नाहींत. मनाची हौस भागविण्यासाठीं दुसऱ्याची कंबर मोडूं नये. आणि दरमहा ३०० रुपये एका डब्यांत टाकावयाचे; दोन वर्षांनीं जे ७२०० होतील, त्यांत हातमागावरचें एक वस्त्र घ्यावयाचें. तेवढ्यांत पैठणी येत नाहीं. चांगली इरकली येते, किंवा महेश्वरी येते. दोन वर्षांतून एक वस्त्र म्हणजे विणकराला फार मोठा आधार झाला, असें कोणी म्हणणार नाहीं. पण तेवढें तरी आमच्या हातांत आहे, आणि जें हातांत आहे तें न करण्याला गरिबीची सबब पुरत नाहीं.

या डब्याचा एक फायदा आरंभीं ध्यानांत आला नव्हता. पूर्वीं वर्षाला सात-आठ साड्या घेत असूं, आणि एकीचा विचार करावयाला फार तर एक संध्याकाळ मिळे. आतां एका वस्त्राचा विचार करण्याला चोवीस महिने मिळतात. रंग ठरतो, मोडतो, पुन्हां ठरतो. रस्त्यांतून जाणाऱ्या एखादीचा कांठ पाहून सगळा बेत बदलतो. मैत्रिणींशीं त्यावर वादविवाद होतात. डब्यांतले पैसे येत्या पौषांत पुरे होतील. सध्यां आमचें मन काळ्या चंद्रकळेवर गेलें आहे. लाल कांठाची, इरकली विणीची, संक्रांतीला नेसतां येईल अशी. एक आप्त परवां म्हणाले कीं, या वयांत काळा रंग खुलणार नाहीं, आणि ते पैसे ठेवींत टाकलेले बरे. आम्हीं त्यांचें म्हणणें शांतपणें ऐकून घेतलें. कांठ चार बोटें असावा कीं सहा, एवढेंच काय तें ठरावयाचें राहिलें आहे.